दादाचा आवाज आणि बंद पडलेला डबा

टीव्हीचा पडदा काळा होता आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. बराच वेळ तेवढंच चाललं होतं. बटणनं चहा केला, प्याला, कप विसळून पालथा घातला, तरी रेघ जागची हलेना. मग अडकलेल्या लिफ्टपाशी पोचल्यावर तो जे सगळ्यात आधी करतो, तेच त्यानं केलं. मेन बंद केला.

पुन्हा चालू केल्यावर ती रेघसुद्धा आली नाही. एकाच ओळीचा निरोप आला, की सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

बटणनं पुन्हा एकदा बंद-चालू करून पाहिलं. तोच निरोप.

बटण हे त्याचं नाव नव्हे. लहानपणी दिसेल ते बटण दाबायची खोड होती, म्हणून मोठ्या भावानं ते ठेवलं आणि जन्माचं चिकटलं. लिफ्टचा मेकॅनिक झाला तेव्हा दादा म्हणाला होता, "बरं झालं. आता पगार घेऊन दाब." माणूस कामात मात्र चोख. नवी लिफ्ट घ्यायला निघालेल्या लोकांना तो एकच प्रश्न विचारायचा. आत आरसा आहे का, दिवे कसे आहेत, ते राहू द्या. माणूस आत अडकला तर फोन कुणाला करायचा? उत्तर नसेल तर ती लिफ्ट घेऊ नका, म्हणायचा.

आणि स्वतःच्या भावाच्या घरी त्यानं काय केलं होतं? एक जुना कॉम्प्युटर आणून टीव्हीखाली ठेवला. त्यावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम, चढवायचं ठरलं. लिनक्स एकच नसतं, त्याचे पुष्कळ प्रकार असतात, वेगवेगळ्या लोकांनी बांधलेले. बटणनं त्यातला दिसायला सगळ्यात देखणा निवडला. निळे-जांभळे चौकोन, सिनेमांची पोस्टरं आपोआप लागणारी. तो प्रकार कुणीतरी एकटाच माणूस हौसेनं चालवत होता, याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. घरात त्या यंत्राला सगळे डबा म्हणू लागले. डब्यात सिनेमे होते, गाणी होती, पुतणीच्या लग्नाचं शूटिंग होतं. आणि 'दादा' नावाचा एक फोल्डर होता.

दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा वहिनीनं त्याला फोनपुढे बसवून बोलतं केलं होतं. सुचेल ते. ती रेकॉर्डिंगं बटणनं डब्यात टाकली. फोन भरला म्हणून फोनवरची पुसली, तीही त्यानंच. "डब्यात आहेत ना," म्हणाला होता.

आता दादा पाटीवर लिहून बोलायचा आणि ती रेकॉर्डिंगं ऐकायला साफ नकार द्यायचा. वहिनी मात्र ऐकायची. दुपारी दादाचा डोळा लागला की आवाज अगदी बारीक करून, टीव्हीला जवळजवळ कान लावून. एकदा पंखा बघायला म्हणून बटण वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरातून अवचित खाली आला, तेव्हा त्याला ते दिसलं. "यांना सांगू नका, भावजी," एवढंच ती म्हणाली होती.

हल्ली टीव्ही मध्येच अडकतो, अशी तिचीच तक्रार होती. आज दोघं तपासणीला दवाखान्यात गेली, तेव्हा तेवढ्यात डब्याचं अपडेट करून टाकू, म्हणून तो खाली उतरला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत दोघं परतणार. आणि जेवणानंतर दादा झोपणार.

त्यानं पुतणीला फोन लावला. दादाची ही मुलगी दुसऱ्या गावी एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करायची.

"काका, अपडेट चालू असताना प्लग काढलात?"

"प्लग नाही. मेन."

"वा. मग काही प्रश्नच नाही."

"टोमणे नंतर मार गं. त्यांच्या साइटवर कुणाला विचारता येईल का?"

पलीकडे कीबोर्ड वाजला. "साइटच उघडत नाहीये. लोकांच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, त्या माणसानं काम सोडून कधीच झालं. तुमचं अपडेट बहुतेक जुनं काढून नव्यासाठी नसलेल्या पत्त्यावर दार ठोठावत बसलं होतं." मग तिचा आवाज बदलला. "काका, बाबांची रेकॉर्डिंगं दुसरीकडे कुठे आहेत ना?"

"नाहीत. फोनवरची मीच पुसली."

"काका!"

"डब्यात दोन डिस्क आहेत. लहानीवर सिस्टीम, मोठीवर बाकी सगळं. पण इन्स्टॉल करताना मी 'ऑटोमॅटिक' दाबलं होतं. सिस्टीमनं दोन्ही एकत्र जोडल्या की वेगळ्या ठेवल्या, ते मला माहीत नाही."

"जोडल्या असतील तर एक गेली की दोन्ही..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. "काहीही नवीन इन्स्टॉल करू नका. डेबियन नावाचं लिनक्स आहे, ते पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथूनच चालवा, डिस्कला धक्का न लावता. आधी नुसतं बघायचं. दिसायला रुक्ष आहे, पण मागे हजार माणसं उभी आहेत, वर्षानुवर्षं दुरुस्त्या येत राहतात. उबुंटू म्हणून दुसरं आहे, त्याची जास्त वर्षं दुरुस्त्या मिळणारी आवृत्तीही चालली असती. तेव्हाच सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, याला पोस्टरं नाहीत."

कामाच्या लॅपटॉपवर त्यानं पेनड्राइव्ह तयार करायला घेतला. फाइल मोठी आणि घरचं इंटरनेट रडतखडत चालणारं. जिन्यात पाऊल वाजलं की तो मान वर करायचा. शेवटी पेनड्राइव्ह डब्याला लावून त्यानं डबा चालू केला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या आणि त्याच वेळी दाराचं कुलूप उघडलं.

वहिनी आधी आत आली. औषधांची पिशवी तिनं टेबलावर ठेवली, टीव्हीखालून बाहेर ओढलेला डबा पाहिला, मग दिराचा चेहरा.

"काय झालं?"

सर्व्हिसिंग चाललंय, असं म्हणता आलं असतं. ते त्याच्या ओठांवरही आलं होतं.

"मी बिघडवला, वहिनी. दादाचं त्यात जे आहे ते गेलं की राहिलं, माहीत नाही. बघतोय."

दादा मागे उभा होता. गळ्यावरचा रुमाल सारखा करत त्यानं पाटी घेतली. 'जाऊ दे. कोण ऐकतंय?'

वहिनीनं ते वाचलं आणि ती खुर्चीत बसली. "मी ऐकते," ती म्हणाली. "रोज."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाटीवरचं पुसून टाकलं.

"तुम्ही झोपलात की. तुम्हाला वाटतं ती सिरीयल नसते."

फोन स्पीकरवरच होता. पुतणी हळूच म्हणाली, "काका, मोठी डिस्क दिसतेय का ते बघा. नुसतं वाचायला उघडायची. लिहायला नाही."

पडद्यावर करडा, साधा डेस्कटॉप आला होता. बटणनं यादी उघडली. लहान डिस्कचं नाव होतं, पण ती उघडेना. खाली मोठी होती. तिच्यासाठी लागणारा आदेश पुतणीनं अक्षर-अक्षर सांगितला आणि त्यानं एका बोटानं टाइप केला. एंटर दाबायच्या आधी त्यानं वहिनीकडे पाहिलं.

"दाबा," ती म्हणाली.

डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग फोल्डर एकेक करून उतरले. सिनेमे. गाणी. लग्न. दादा.

"आहे," बटण म्हणाला. "वेगळीच ठेवली होती सिस्टीमनं."

"दिसणं म्हणजे असणं नव्हे," पुतणी म्हणाली. "एखादी चालवून बघा."

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा भिंतीकडे बघत होता. वहिनीनंच पुढे होऊन माउस हातात घेतला आणि मधलीच एक फाइल दाबली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दादाचा, भरदार, जरा वैतागलेला. "चालू झालंय का हे? लाल दिवा कुठाय? काय बोलू पण? काही सुचत नाही बुवा. तू अशी समोर उभी राहिलीस की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. हां, दुधावर झाकण ठेवलंस का? नाही ना? जा, आधी ठेवून ये, मी थांबतो."

आणि मग तो खरंच थांबला होता. रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज होता.

दादानं पाटी पुढे ओढली आणि घाईघाईत लिहिलं. 'आधी दुसरी प्रत कर. मग रडायचं ते रडा.'

"करतो," बटण म्हणाला. "दोन करतो. मग हाच बसवतो डब्यात, डेबियन."

"पोस्टरं नाहीत त्याला," फोनमधून आवाज आला.

"नसू देत," वहिनी म्हणाली.

दादा उठला आणि झोपायच्या खोलीत गेला. पलंग करकरला. बाहेर त्याचा जुना आवाज पुन्हा सुरू झाला, दुधाचं काय झालं ते विचारत. वहिनीचा हात सवयीनं आवाज कमी करायला गेला. मग तिची नजर झोपायच्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं. दादानं ते लोटून घेतलं नव्हतं.

तिनं आवाज होता तेवढाच राहू दिला.