उष्टा रायवळ

आमच्याकडे हापूस विकायचा आणि रायवळ खायचा. हापूस पेटीत बसून मुंबईला जातो आणि घरचे आम्ही मे महिन्यात संध्याकाळी मागच्या पडवीत रायवळाची टोपली घेऊन बसतो. चोखताना ज्याचा आंबा गोड निघेल त्याने तो एकट्याने संपवायचा नाही, फिरवायचा. "बघ, साखर आहे नुसती," म्हणत उष्टा आंबा या हातातून त्या हातात जातो. त्यात कुणाला काही वाटत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने आंबा फिरवणं बंद केलं.

ती तेव्हा अकरा वर्षांची. बहीण आणि मेहुणे गेल्यापासून आमच्याकडेच आहे. तिला जन्मापासून एचआयव्ही आहे. गोळ्या चुकत नाहीत, तब्येत उत्तम, झाडावर चढते तर उतरायचं नाव नाही. तिला आम्ही सांगितलं होतं, तुझ्या रक्तात ताकद कमी आहे, म्हणून गोळ्या. रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाई दर खेपेला म्हणायच्या, "आता कळती झाली ती, खरं सांगा. हवं तर मी सांगते." आम्ही आपलं, परीक्षा होऊ दे, सुट्टी लागू दे. कोंबडं झाकून उजाडायचं थांबत नाही, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं?

पोरीचं बिनसलं होतं ते त्याआधीच्या दिवाळीनंतरच. बोलणं तुटलं. शाळेत डबा एकटीच खायची. शेजारी बसायला आलेल्या मैत्रिणीला तिने ढकलून दिलं. घरी स्वतःचं ताट-भांडं वेगळं घासून वेगळं ठेवायची. आणि आमची चार वर्षांची धाकटी, जी हिच्याशिवाय घास घेत नसे, ती जेवताना जवळ आली की चापट. मला आधी वाटलं, आईची आठवण येत असेल. मग वाटलं, आम्ही हिला परके झालो. मी काही शांत माणूस नाही. ओरडायचो, आणि मग तिचं तोंड बघून मलाच जेवण जायचं नाही.

बायको घाबरून गेली होती. धाकटीच्या गालावर वळ दिसल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. "दोघींना मी सारखी डोळ्यांसमोर किती ठेवू?" ती म्हणायची. नात्यातल्या कुणीतरी पुण्याकडचं एक वसतिगृह सुचवलं होतं, अशाच मुलांचं. सोमवारी तिकडे फोन करायचं आम्ही ठरवलं. ठरवलं खरं, पण तिला दारातून बाहेर काढताना मी काय सांगणार होतो?

त्याआधीच्या शनिवारी रायवळाची टोपली घेऊन पडवीत बसलो होतो. भाची पायरीवर, आमच्याकडे पाठ करून. धाकटी मागून गेली, तिच्या हातातला आंबा ओढला आणि घातला तोंडात. भाचीने अशी थप्पड हाणली की पोर पायरीवरून खाली अंगणात पडली. मी उठलो आणि हात उगारला.

"मला मार, पण आधी तिचा तोंड धू!" भाची किंचाळली. "साबणाने धू, मामा! माझा उष्टा खाल्लान तिने!"

माझा हात तसाच वर राहिला.

ती धाकटीला ओढत नळावर नेत होती, तिच्या तोंडात बोटं घालून गर काढत होती आणि रडत होती. "ती मरेल. आई मेली तशी मरेल." त्या रडण्यातूनच कळलं, गोळ्यांच्या डबीवरचं नाव तिने मामीच्या मोबाइलवर शोधलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत. अर्धं समजलं, उरलेलं भीतीने भरून काढलं. एवढे महिने ती आम्हाला स्वतःपासून वाचवत होती, आणि आम्ही तिला पाठवायला निघालो होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बायको पायऱ्या उतरून खाली आली. अंगणात पडलेला तो आंबा तिने उचलला, नळाखाली माती धुतली आणि भाचीच्या समोर उभी राहून चोखला, अगदी बाठा पांढरा होईपर्यंत.

"उष्ट्याने काय होत नाय गो बाय," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या बाईंनी आम्हाला कधीचा सांगितलाय. आम्हीच तुला सांगितला नाय. आणि एवढा गोड आंबा एकटीच खात होतीस?"

सोमवारी वसतिगृहाला फोन झाला नाही. भाचीला घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं सावकाश समजावलं, तिने जे विचारलं त्याला न टाळता उत्तर दिलं. ती मान डोलवत होती. पण भीती का अशी एका दिवसात जाते? पुढे कितीतरी दिवस ती सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी स्वयंपाकघरात यायची आणि मामीच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. आणि बायको भाकऱ्या थापता थापता रोज मान वाकवून कपाळ तिच्यापुढे करायची.