काचेच्या बश्या धुणारा

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशीचा माणूस, बोटं पांढरी पडलेली, नखं फार स्वच्छ. माझ्या मांडीवर सीताफळांची टोपली होती. त्याला एक दिलं. गर खाऊन झाला की प्रत्येक बी तो रुमालात ठेवायचा.

"इतला कोणले, अक्का?"

"मलाच. छातीत गाठ आहे. या फळाने कॅन्सरच्या पेशी मरतात, असं पेपरात आलंय. शेजारणीने वाचून दाखवलं."

तो हसला नाही. मुंबईत एका प्रयोगशाळेत वीस वर्षं तो काचेच्या बश्या धूत होता. त्याच बश्यांत त्या पेशी वाढवतात, म्हणाला.

"मरतात, खोटं नाही. पण बशीत फिनेल टाकलं तरी मरतात. माणूस काय बशीमा राहस का?" मग त्याने रुमालातली बी दाखवली. "हिच्या भुकटीने उवा मरतात, अन् डोळ्यात गेली तर डोळाही जातो. ऑपरेशननी तारीख कव्हय शे?"

"आजची," मी म्हटलं. सकाळी धुळ्यातल्या दवाखान्याच्या दारातूनच मी परत फिरले होते.

आता हा धीर देईल, असं वाटलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पुढचा थांबा जवळ आला होता.

"पारोळा ई ऱ्हायना. उतरा. धुळ्याची गाडी समोरच लागते."

मला राग आला, पण उतरले. डॉक्टरांनी डावी बाजू काढली. जखम भरायला उन्हाळा उजाडला. तेव्हा गोड बोलायला पुष्कळ जण आले, त्यांची नावं आठवतात. याचं मी विचारलंच नाही.