कान तुटलेला कप

गमरे गेल्याचं मला कळलं ते महाडच्या एस.टी. स्टँडवर. पोलादपूरहून आलेल्या गाडीचा कंडक्टर मला बघून जवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, गमरे साहेब पहाटे गेले. कळलं नाय तुम्हाला?" नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी साधी माणसं त्याला साहेबच म्हणत. मी उठून बाहेर आलो, तर चौकातल्या फळ्यावर पक्षाच्या माणसांनी रंगीत खडूने लिहून ठेवलेलं, 'पक्षाचा आधारस्तंभ हरपला'. मला शिसारी आली. जिवंतपणी ज्याला सभेत मागच्या रांगेत बसवलं, तो मेल्यावर एकदम स्तंभ झाला. याला आता महिना होत आला, तरी तो फळा डोळ्यांसमोरून जात नाही.

भिकाजी गमरे आणि मी महाडजवळच्या एकाच बौद्धवाडीत वाढलो. मी शिक्षक झालो. तो महसूल खात्यात चिकटला आणि चढत चढत पोलादपुरात नायब तहसीलदार झाला, वाडीतला पहिला साहेब. पण साहेबी त्याला मानवली नाही. एकदा वरून विचारणा आली, तालुक्यातले पाणवठे सगळ्यांना खुले आहेत ना? उत्तर काय लिहायचं तेही तोंडी कळवलेलं होतं. गमरे मात्र कुडपणच्या बाजूची एक वाडी चढून गेला. तिथे आपल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीपासून लांब बसलेल्या, कुणी दया येऊन पाणी ओतेल म्हणून. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. सत्ताधारी पुढारी खवळले. एक ओळ बदला, प्रकरण मिटेल, असं समजवायला साहेबांचे साहेब येऊन गेले. मीही म्हटलं, "अरे, पोरंबाळं आहेत तुला." तर म्हणाला, "मी महाडचा हाय. पाण्याबद्दल खोटं लिहू?" त्याची लांब विदर्भात बदली निघाली आणि त्याने राजीनामा देऊन टाकला.

आणीबाणी उठली होती, विरोधकांना वारं मिळालं होतं. त्याच अहवालावर विरोधी पक्षाने तालुकाभर सभा गाजवल्या आणि गमरेला सन्मानाने बोलावून घेतलं. आमच्या भागात तो पक्ष म्हणजे कापड्याच्या बाजूचे तात्या. दारात भाताच्या उडव्या, भाषणात समता. आमदारकीचं तिकीट गमरेलाच, असं त्यांनी तोंड भरून सांगितलं. प्रचाराचं ठरवायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. या घरी गमरे पूर्वी साहेब म्हणून गेलेला, तेव्हा त्याला आत खुर्चीवर बसवून फुलाफुलांच्या कपबशीतून चहा दिलेला. या वेळी पडवीतच बसवलं. गड्याने फळीवर पालथे घातलेले दोन कान तुटलेले कप दाखवले, आमचे आम्हालाच विसळायला लावले आणि वरून चहा ओतला. फुलांचा कप तात्यांच्या हातात. गमरे शांतपणे म्हणाला, "तात्या, मागल्या खेपेला मला तो कप होता." तात्या मनमोकळं हसले. "तवा तुम्ही सरकार होतात, साहेब. आता तुम्ही आपलेच. आपल्या माणसाला कसला आलाय मान!" आपण काही वावगं बोललो असं त्यांना वाटलंसुद्धा नाही, आणि मला किळस आली ती त्याचीच. गमरेने चहा अंगणात ओतला, कप विसळला आणि शबनममध्ये टाकला. "आपलाच ना? मग नेतो."

त्यानंतर प्रत्येक सभेत मंचावर चहा आला की गमरे तो कप काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मला ह्यात द्या." लोक विचारायचे, साहेब, हा कसला कप? तो माइकवरून सांगायचा, "आपल्याच पक्षातला हाय." मंचावरचे बाकीचे मग आपापल्या बशीत बघत बसायचे. तात्यांनी त्याला बाजूला घेतलं, "गमरे, ह्या नाटकापायी मतं जातील." गमरे म्हणाला, "तुमच्या पडवीतला हाय, तात्या. मी घरनं नाय आणला." तिकीट अर्थातच तात्यांच्या भाच्याला मिळालं. मी चिडून म्हटलं, पक्ष सोड, थुंक त्यांच्यावर. तो नुसता हसला. "सोडून कुठं जाऊ? तिकडं सरकारात वरच्याला भिऊन खोटं लिवायचं, इकडं मताला भिऊन गप बसायचं. निदान इथं कप तरी ठेवता येतो समोर." मग तो शेवटपर्यंत प्रत्येक सभेला गेला. मागच्या रांगेत बसायचा, कप मांडीवर घेऊन. माझा संताप व्हायचा, त्यांचा आणि त्याचाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि तात्या चार कार्यकर्ते घेऊन गमरेच्या घरी आले. मी तिथेच होतो. फोटोला हार घातला, डोळे पुसले. वहिनींनी चहाचं विचारलं, तर हात जोडून म्हणाले, "नको वहिनी, आज उपास हाय." मग आवाज खाली आणून मुद्द्यावर आले. "साहेबांचा तो कप असंल ना घरात? आपल्या हापिसात काचेच्या कपाटात ठेवू म्हणतो. त्यांची आठवण." मला वाटलं उठून यांना दाराबाहेर काढावं. वहिनी आत गेल्या आणि तोच कप चहाने भरून घेऊन आल्या. तात्यांपुढे धरून म्हणाल्या, "कप देते की. अगोदर ह्यातला चा घ्या. उपासाला चा चालतो."

तात्यांनी कपाकडे पाहिलं, मग कार्यकर्त्यांकडे. कार्यकर्ते भिंतीकडे बघत होते. "पुन्हा येतो," म्हणून ते उठले आणि त्यांची जीप निघून गेली. वहिनींनी तो चहा उभ्याउभ्या स्वतःच प्यायला, कप धुतला आणि फोटोखालच्या फळीवर पालथा घातला. मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, फोडून टाका तो."

"नको गुरुजी," त्या म्हणाल्या, "निवडणुका हायत. परत येतील ते. तवा लागंल."