नव्याण्णव कुणी राखली?

जानकू करगळ माझ्या हाताखाली एकोणीस वर्षं होता. मी रस्त्याच्या गँगचा मुकादम. शिनोलीपासून तळेघरपर्यंतचा रस्ता आमच्याकडे होता. सोमवारी जायचं, पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं, शनिवारी एसटीनं लोणीला घरी यायचं. जानकू घण चालवायचा. असा घण मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. वाया जाणारा घाव नाही, दगडाची नस बघून मारायचा. दिवसाच्या शेवटी ढीग मोजला तर बाकीच्यांच्या दीडपट.

त्याच्या घरी मेंढरं. बाप गेल्यावर थोरला भाऊ सोमाजी आणि हा, दोघं राखायचे. पुढं चारा कमी झाला, कळप लहान झाला, दोघांचं पोट त्यावर चालेना, तेव्हा जानकू गँगवर आला. सोमाजी मेंढरांमागं राहिला.

जेवणाच्या सुट्टीत मी पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचायचो. आमच्या घरात तीन पिढ्यांची सवय. एक दिवस लूकचा पंधरावा अध्याय निघाला. शंभर मेंढरं असलेला माणूस, एक हरवतं, तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकामागं जातो. जानकू भाकरी खाता खाता हसला.

"लिवणाऱ्यानं मेंढरं राखली न्हाईत, मुकादम."

"का रे?"

"नव्याण्णव मोकळी सोडून जात्यात व्हय? आल्यावर चाळीस बी घावायची न्हाईत. मागं कुणी तरी थांबलं आसंल. त्याचं नाव न्हाई का लिवलं?"

मी पान उलटून पाहिलं. नव्हतं लिहिलेलं. तीस वर्षं मी तो अध्याय वाचत होतो. मला कधी हा प्रश्न पडला नव्हता.

त्यानं तो प्रश्न सोडला नाही. आमच्या पाळकसाहेबांना विचारला. ते म्हणाले, हा दाखला आहे, म्हणजे दृष्टांत, दाखल्यात सगळं सांगत नसतात. जानकूनं मान हलवली, पण पटलं नाही हे मला दिसत होतं. तरी दोन वर्षांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला. मी विचारलं, प्रश्न सुटला का? म्हणाला, "न्हाई. पण एका मेंढरापायी जो परत डोंगर चढतो त्याला मेंढरू म्हंजी काय ते ठावं हाय. बाकीचं मी इचारीत ऱ्हाईन."

त्या दिवसापासून सोमाजी त्याच्याशी बोलला नाही. एका गावात राहून तेवीस वर्षं. वाटेत समोर आले तर सोमाजी मेंढरांकडे बघायचा.

जानकूला लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी मात्र करायचा. त्याची रीत अशी: ओळ मनात यायची, मग ती घणाखाली घालून बघायची. घण वर जाताना श्वास, खाली येताना शब्द. ज्या ओळीला श्वास पुरत नाही ती टाकून द्यायची. एका शब्दासाठी त्याला मी दीड महिना घण मारताना पाहिलंय. चाली त्याच्या घरातल्याच, आईनं मेंढवाड्यावर म्हटलेल्या ओव्यांच्या. चर्चच्या मंडळीत काही जणांनी नाक मुरडलं. ढोलावरची चाल उपासनेत कशाला? पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पेटी आपल्याकडे तरी कुठं आकाशातून पडली? चाल राहिली.

त्यातलं एक गाणं त्याच मेंढराचं. दोन वर्षं लागली त्याला. ध्रुपद असं होतं:

एक मेंढरू चुकलं, धनी डोंगर चढला,
नव्याण्णव उभी मागं, कोण हाय राखायला?

आणि इथं तो थांबायचा. घणाचे दोन घाव बसतील एवढा वेळ. मग पुढचं कडवं. पाच कडवी, पाचही वेळा तसाच थांबायचा. मंडळी अवघडून बसायची. कुणी खोकायचं, कुणी पायानं चप्पल शोधायचं. मला तर राग यायचा. ज्या माणसाचा खडीचा ढीग कधी अर्धा राहिला नाही, त्यानं गाणं अर्धं सोडावं? मी दोन-तीनदा म्हणालोही, "जानकू, तेवढं पुरं कर." तो म्हणायचा, "पुरंच हाय, मुकादम."

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी मंडळीनं गायनपुस्तक छापायचं ठरवलं. हस्तलिखित करायचं काम माझ्याकडे आलं. एकशेवीस प्रती काढायच्या होत्या. जानकूच्या गाण्याशी आलो आणि हात थांबला. छापलेल्या पुस्तकात भोक दिसेल असं वाटलं. मी अक्षरं मोजली, यमक जुळवत बसलो, आणि त्या जागी ओळ घातली:

देवदूत राखती त्यांना.

यमक धड जुळलं नव्हतं, पण तेव्हा मला ते चांगलं वाटलं. रस्त्यातला खड्डा बुजवल्यासारखं. कुणाला विचारलं नाही. जानकूलाही नाही.

पहिल्या रविवारी मंडळीनं पुस्तक उघडून गाणं म्हटलं. जानकू पुढच्या बाकावर, हातानं मांडीवर ताल धरून. ती ओळ आली, सगळ्यांनी एकसुरात म्हटली, कुणी खोकलं नाही. जानकूचा हात मांडीवरच थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं. मला वाटलं, ओळ आवडली. मी त्याला हसून मान हलवली.

सात वर्षं आम्ही ते तसंच म्हटलं.

मागच्या चैत्रात लोणीत भैरवनाथाची यात्रा होती. माझ्याबरोबर गँगवर असलेला सावळाराम दर वर्षी जेवायला बोलावतो. जेवून चारच्या सुमाराला घरी निघालो. देवळाच्या पटांगणात धनगरांचे ढोल लागले होते. माणसांच्या दोन ओळी समोरासमोर. एक ओळ ओवी टाकते, दुसरी झेलून पुरी करते. तरुण पोरांची ओळ म्हणत होती:

एक मेंढरू चुकलं, धनी डोंगर चढला...

मी जागीच उभा राहिलो. आमच्या उपासनेतलं गाणं. शब्द न् शब्द तोच. गुलाल उधळलेला, समोर भैरवनाथ, आणि हे गाणं.

नव्याण्णव उभी मागं, कोण हाय राखायला?

ढोल थांबले. समोरच्या ओळीतून एकच माणूस पुढं आला. सोमाजी. सत्तरीला टेकलेला, खांद्यावर घोंगडी. त्यानं मान वर केली आणि एका दमात म्हटलं:

मी हाय रं, तू जा.

घणाचे दोन घाव. अगदी तेवढीच जागा. लगेच ढोल परत लागले.

मी जाऊन देवळाच्या ओट्यावर बसलो. सावळाराम मागून आला. म्हणाला, "काय झालं भाऊ, ऊन लागलं का?" कुणी तरी पाणी आणून दिलं.

डाव संपल्यावर मी सोमाजीला गाठला.

"हे गाणं तू कुठं ऐकलंस?"

"तुमच्या भिताडाला टेकून." त्यानं तंबाखू मळायला घेतली. "तुमच्या प्रार्थनेच्या घराशेजारी ते रान हाय ना, तिथं उन्हाळ्याचा मी मेंढरं बसवायचो खतासाठी. रविवारी सकाळी ऐकू यायचं. तो इचारायचा. मी सांगायचो. हळूच. मेंढरांना कळंल एवढंच."

"किती वर्षं?"

"आठ उन्हाळं. मंग एका साली गेलो, तर जबाब आतनंच आला. समद्यांनी मिळून. देवदूत राखती म्हणं!" तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "रातभर काठी घिऊन मी जागायचो. बिबट्यानं माझ्यासमोर चार मेंढरं न्हेली. पायाला टाके पडले माझ्या. आन् राखली कुणी? देवदूतांनी! म्या म्हटलं, संपलं. त्यानं दार लावलं. परत त्या रानात मेंढरं बसवली न्हाईत. गाणं तेवढं आमच्या पोरांना शिकवलं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुणी बसवलं वो ते देवदूत माझ्या जागंवर? जानकूनं?"

"मी," मी म्हणालो.

त्यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली.

"मुकादम, तुमी कधी मेंढरं राखली?"

"नाही."

"मंग गप ऱ्हायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जानकूच्या घरी गेलो. तो गोठ्याला दगडाचा पाया भरत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सोमाजीनं पुढं येऊन काय म्हटलं ते सांगितलं. जानकूच्या हातातला दगड खाली पडला. त्याच्या हातून दगड पडलेला मी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता.

"तेच म्हणला? 'मी हाय, तू जा'?"

"तेच."

"माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडं गेलो व्हतो," जानकू म्हणाला. "म्हटलं, दादा, मी निघालो. त्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मेंढरं सोडत व्हता. एवढंच म्हणला, मी हाय, तू जा. रागानं म्हणला का कसं ते मला अजून कळलं न्हाई. म्हणून जागा मोकळी ठिवली. कधी तरी त्यानं सांगावं."

मला बसायला जागा हवी होती, पण तिथं नुसते दगड होते.

"मग मला का नाही बोललास? सात वर्षं?"

"छापलेलं व्हतं, मुकादम." त्यानं हात पुसले. "मला वाटलं, मंडळीनं ठरवलं. म्हटलं, यांना माझा भाऊ गाण्यात नको. नको तर नको. देवाला ठावं हाय नव्याण्णव कुणी राखली."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्या. डांबर पातळ, खडी कमी, उतार चुकला. आणि जे काम पुरं होतं त्यात मी भर घालून ते मोडलं. तेही यमकासाठी.

एकशेवीस पुस्तकं, प्रत्येकात पाच ठिकाणी. सहाशे रेघा. पट्टी धरून मारल्या. तीन दिवस लागले. पेनच्या दोन कांड्या संपल्या. नातू म्हणाला, मी करू का? म्हटलं, नाही. चौथ्या दिवशी पाळकसाहेब आले. त्यांनी एक पुस्तक उघडून पाहिलं.

"कमिटीला विचारलंत का, शमुवेलभाऊ?"

"घालताना विचारलं नव्हतं. काढताना कशाला?"

मग मी त्यांना सांगितलं. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "त्यानं मला हे विचारलं होतं. नव्याण्णव कुणी राखली. मी त्याला दाखल्याचं सांगितलं होतं." आणि स्वतःच रेघ मारायला पट्टी मागितली. मी दिली नाही. ते माझं काम होतं.

त्या रविवारी गाणं परत मोकळ्या जागेसह झालं. मी आधी उभं राहून मंडळीला सांगितलं की ती ओळ माझी होती, चुकीची होती, तिथं गप्प राहायचं. पाचही वेळा सगळे गप्प राहिले. बाहेरून काही आलं नाही. शेजारचं रान रिकामं होतं. मी सोमाजीला निरोप धाडला होता, जागा मोकळी आहे म्हणून. त्याचा उलटा निरोप आला: मेंढरं कुठं बसवायची ते रानाचा मालक ठरवतो, मुकादम नाही.

पुढचा रविवार तसाच. त्याच्या पुढचाही. जानकू म्हणायचा, थांबायचा, पुढं जायचा.

वैशाखात, पाचव्या रविवारी, मी लवकर गेलो तर रानात जाळी लागलेली. आत मेंढरं, काही उभी, काही बसलेली. कुत्रं माझ्यावर भुंकलं. माणूस दिसला नाही. मी आत जाऊन जानकूला काहीच बोललो नाही. बोललो असतो तर त्याचा आवाज बिघडला असता.

पहिलं कडवं झालं. कोण हाय राखायला? गप्प. दुसरं, तिसरं. गप्प. चौथ्याला भिंतीपलीकडून आवाज आला. हळू नाही. मेंढरांपुरता नाही. पटांगणात म्हटला होता तसा:

मी हाय रं, तू जा.

सगळी मंडळी दचकली. एका बाईच्या हातून पुस्तक पडलं. पेटी वाजवणाऱ्याचा हात उचललेलाच राहिला. पाळकसाहेब खिडकीकडे वळले. एकटा जानकू वळला नाही. त्याची मान खाली होती, हात मांडीवर, आणि घाव चुकला नाही. पाचवं कडवं त्यानं बरोबर वेळेवर धरलं. पाचव्यालाही जबाब आला.

उपासना सुटल्यावर जानकू भिंतीला वळसा घालून रानात गेला. मी लांब उभा राहिलो. सोमाजी जाळीच्या खुंट्या उपटत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"चौथं कडवं लई वर धरलंस," तो म्हणाला. "आईचं एवढं वर नव्हतं. घसा बसंल."

जानकूनं पलीकडची खुंटी धरली आणि हलवायला लागला.