शेठची मेहुणी

"बघते की," एवढंच अक्का म्हणायची. आवाज चढवायची नाही, मान वर करायची नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात टेंभुर्णीचं कापलेलं पान. बोटं वळत राहायची आणि समोरचा माणूस आपलं बोलून, शिव्या घालून निघून जायचा. तो गेला की ती बिडीवरचा दोरा आवळायची आणि म्हणायची, "बघते की."

सोलापुरात पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत या दोन शब्दांची धास्ती होती. भांडखोर बाई तुम्हीही पाहिली असेल. नळावर ओरडते, संध्याकाळी विसरून उसनी साखर मागायला येते. अक्का त्यातली नव्हती. ती भांडतच नसे. ती थांबायची.

दूधवाल्यानं एकदा पांढरं पाणी घातलं आणि वर तिलाच म्हणाला, "माझ्याकडं काय तक्रार, म्हशीला जाऊन सांग." दुसऱ्या दिवसापासून तो आला की अक्का त्याला ओट्यावर बसवायची. "भाऊ, चहा घे की." त्याच्याच दुधाचा चहा, बिनसाखरेचा, पितळी भरून. सगळी गल्ली बघतेय. दारात बसवून कुणी चहा दिला तर नाही म्हणायचं कसं? तो ते निळसर पाणी गिळायचा आणि अक्का मायेनं विचारायची, "अजून घालू?" काही दिवसांनी दुधावर साय यायला लागली.

माझ्यावरही तिनं सूड उगवला आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील गिरणीत, आई अंगठा उठवणारी. बी.ए. झालो तेव्हा मी छाती काढून हिंडत होतो, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. फुकट मिळालेलं नव्हतं ते. त्या भरात अक्काला कशावरून तरी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"व्हय रे, मला कुटलं कळतंय," ती म्हणाली. "बघते की."

त्यानंतर जो तो आमच्या दारात. कुणाची शेळी चारा खाईना, कुणाचा जावई मुलीला नांदवेना, कुणाला लग्नाची तारीख काढून हवी. सगळ्यांना तिनंच धाडलेलं: "बीएला विचारा. त्याला समदं कळतंय." एक म्हातारी तर दाढ दुखते म्हणून तोंड उघडूनच उभी राहिली. शेवटी मी अक्काच्या सुपापाशी जाऊन उकिडवा बसलो. "अक्का, पुरे आता."

"का रे? संपलं का शिक्षण?"

तेव्हापासून ती मला बीए म्हणायची आणि मी तिच्यापासून जपून असायचो.

त्याच सुमाराला मला कामगार खात्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. बिडी कारखान्यांना परवान्याचे नियम तेव्हा नव्यानं लागू होत होते. नियम सरळ होता. बाहेरची माणसं लावून बिड्या वळून घ्यायच्या तर मालकानं परवाना काढायचा आणि प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं, स्वतःच्या सहीचं ओळखपत्र द्यायचं. नाही दिलं तर खटला आणि दंड. एकच सूट होती. राहत्या घरात घरचीच माणसं घेऊन कुणी बिड्या वळत असेल, तर त्याला यातलं काहीच लागू नव्हतं.

अक्का ज्याच्याकडे कामाला बसायची त्या शेठनं ही सूट बरोबर हेरली. त्याच्या राहत्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिथंच बायका बसायच्या. आमचे साहेब तपासणीला गेले तेव्हा मी बरोबर होतो. शेठ एकेका बाईवर बोट ठेवत चालला. "ही भावजय. ही आत्या. ही चुलतभावाची सून." अक्कापाशी येऊन तो जरा अडला, नाती संपल्यासारखा. "आणि ही मेहुणी. बायकोची धाकटी बहीण."

साहेबांनी अक्काला विचारलं, "खरं का, बाई?"

अक्कानं मान हलवली. सगळ्याच बायकांनी हलवली. आदल्या दिवशी मुनीम सांगून गेला होता, जी मान हलवणार नाही तिनं उद्यापासून यायचं नाही. साहेबांना काय कळत नव्हतं? पण बायकाच हो म्हणतात, तिथं ते काय करणार. "लिहा," ते मला म्हणाले. मी लिहिलं. शेठनं आम्हाला दारापर्यंत येऊन निरोप दिला, आणि माझ्याकडं बघून असा हसला की ते हसू अजून माझ्या डोक्यात आहे.

पुढं अक्का विषमज्वरानं आजारी पडली. सिव्हिल हॉस्पिटलात बरेच दिवस होती. केस गेले, हाडं वर आली. काठी टेकत कामावर गेली तर तिच्या जागेवर दुसरी बसलेली.

"शेठ, ही माझी जागा हाय. बारा वर्सं हितं बसतीय मी."

"तू कोण?" शेठ म्हणाला. "कुठं लिहिलंय तू इथं बसत होतीस? कागद दाखव." आणि मुनीमाकडून त्यानं तिचं सूप गटारीत फेकवलं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडं आली. घरात लग्नाची मुलगी, नवरा कधीच वारलेला, हातातलं काम गेलेलं. तिला दुसरं काही नको होतं. आपण तिथं काम केलं आहे असा कागद हवा होता. तो असला तर तिला असं हाकलता येत नव्हतं. मी तिला खरं ते सांगितलं. "अक्का, साहेबांसमोर तूच मान हलवलीस. सरकारी कागदावर तू कामगार नाहीस. त्याची मेहुणी आहेस."

"सरकारच्या कागदावर?"

"हो. माझ्याच हातचं आहे."

"शिक्का बिक्का हाय?"

"आहे."

मला वाटलं, ती आता रडेल. मग पदर सावरत उठली. "बघते की," म्हणाली. जाताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेठच्या पोरीचं लगीन हाय म्हणं. तुमच्या सायबाला बोलावणं आलंय का?"

आलं होतं. आमच्या अख्ख्या कचेरीला आलं होतं.

लग्न थाटाचं होतं. नवरदेवाकडचे लोक पुण्याचे. शेठसारखेच मूळचे तेलुगू, पण त्यांच्या घरातली तेलुगू कधीच मागं पडलेली, सगळं बोलणं मराठीत. अक्षता पडल्या आणि व्याही-विहिणींच्या ओळखी सुरू झाल्या, तेवढ्यात अक्का मांडवात शिरली. नवी पेठेतून आणलेली कोरी साडी, विरळ केस चापूनचोपून बसवलेले. थेट गेली आणि नवरीच्या मामीशेजारी, मानाच्या सतरंजीवर बसली.

विहीणबाईंनी विचारलं, "या कोण?"

"मी धाकटी मावशी की नवरीची," अक्का म्हणाली. मग शेठकडं वळून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "दाजी, मला बोलवायचं इसरलात व्हय?"

शेठच्या हातातलं ताट तिरपं झालं. शेठाणी म्हणाली, "अगं बाई, मला बहीणच न्हाय."

"असं म्हणू नको, ताई. सरकारदरबारी लिवलंय. दाजींनीच सांगितलंय." आणि अक्कानं डोळ्याला पदर लावला. "गरीब बहीण नको झाली व्हय तुमाला?"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. नवऱ्याच्या बापानं शेठला बाजूला घेतलं नाही, तिथंच विचारलं, "अहो, ठरवताना तुम्ही म्हणालात, बायकोला नुसते भाऊच आहेत. या बाई लपवून का ठेवल्या? काय प्रकार आहे? घरात रोग आहे, का काही भानगड आहे?"

पाठोपाठ मांडवाच्या दाराशी शेडमधल्या बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. पोरंबाळं कडेवर. "आत्या बी आलीय," त्यातली एक म्हणाली. "भावजय चप्पल काढतीय."

तुम्हाला सांगतो, मी नाटकं पुष्कळ पाहिली, पण तसा चेहरा बघायला मिळाला नाही. शेठ घामानं भिजला होता. नवऱ्याचा बाप मुलाला उठ म्हणायच्या बेतात. तेव्हा शेठ ओरडला, "अहो, या आमच्या कुणी नाहीत! कामगार बायका आहेत. बिड्या वळतात माझ्याकडं. ही तर बारा वर्षं वळतेय. कुणालाही विचारा!"

आमचे साहेब पहिल्या पंगतीला होते. त्यांनी सावकाश घास संपवला. "बारा वर्षं?" त्यांनी विचारलं.

शेठनं वळून पाहिलं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला व्याही. व्याही म्हणाला, "आता खरं काय ते नीट सांगा." पोरीचं लग्न होतं. शेठ म्हणाला, "हो. बारा वर्षं."

"लाडू चांगला झालाय, शेठ," साहेब म्हणाले. "सोमवारी येतो."

अक्का जेवून गेली. पोटभर. दोनदा बासुंदी घेतली.

खटला झाला. दंड झाला, तो शेठनं हसत भरला. तेवढा पैसा पोरीच्या लग्नातल्या पानसुपारीलाही पुरला नसता. मला त्या दंडाचा राग आला. पण परवाना काढावा लागला, आणि परवान्यामागून ओळखपत्रं. मुनीमानं सही करून चालणार नाही, मालकानंच करायची, असं साहेबांनी बजावलं. मी मुद्दाम हजर राहिलो. माझं तिथं काही काम नव्हतं. मला बघायचं होतं.

शेडमध्ये टेबल मांडलं होतं. बायका रांगेत. अक्का मुद्दाम शेवटची. शेठनं खाली मान घालूनच विचारलं, "नाव?"

"तुमाला ठावं असंल की. बारा वर्सं बघताय."

शेठला ठाऊक नव्हतं. सगळे तिला अक्का म्हणायचे, तो तर 'ए' म्हणायचा. त्यानं मुनीमाकडं पाहिलं. मुनीमानं पत्र्याकडं पाहिलं.

"नाव सांग," शेठ म्हणाला.

"कुणाला?"

"मला."

"मग तसं इचारा की. आपलं नाव काय म्हणून."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण कान आतच होते. शेठनं टाक टेकवला, पुन्हा उचलला. शेवटी म्हणाला, "आपलं नाव काय?"

तिनं सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. एकेक शब्द, तो लिहून होईपर्यंत थांबत. त्यानं लिहिलं, सही केली, आणि तिनं ते दोन्ही हातांनी न घेता एका हातानं उचललं.

पुढची कैक वर्षं ती रोज त्याच्या गादीसमोरची जागा धरून बसायची. हक्काच्या रजा होत्या, तिनं घेतल्या नाहीत. शेठनं गादी आतल्या खोलीत हलवली; हिनं आपलं सूप त्या खोलीच्या दाराशी हलवलं. "ओळखपत्र परत कर, मागशील ते देतो," असा निरोप मुनीमाबरोबर आला. "त्याला म्हणावं, मला काय बी नको, मी हितंच बरी हाय." इतकंच उत्तर गेलं. मुलीचं लग्न तिनं त्याच कमाईवर केलं.

मग एक दिवस शेठ वारला. अंत्ययात्रा आमच्याच गल्लीतून गेली. अक्का ओट्यावर सूप घेऊन बसली होती, मी तिच्याकडं बघत होतो. तिनं हात थांबवले, यात्रा जाऊ दिली, आणि पुन्हा हात चालू केले. पण त्या दिवशी बिड्या फार थोड्या झाल्या. पुढंही थोड्याच होत गेल्या. शेठच्या मुलानं तिला नीट वागवलं, अहो-जाहो केलं, आणि त्यानं ती अजूनच खचली. गल्लीत कुणी तिचा तांब्या उचलला, कुणी पाण्याला आधी नंबर लावला, तरी ती काही म्हणायची नाही.

मुलगी भिवंडीला दिली होती. तिकडंच ये म्हणाली. मी अक्काला एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. खिडकीची जागा मी रुमाल टाकून धरली होती. पाणी आणायला खाली उतरलो तेवढ्यात एक धिप्पाड माणूस रुमाल बाजूला सारून तिथं बसला. अक्का त्याच्या शेजारी अंग चोरून टेकली. मी खाली उभा राहून तिच्या 'बघते की'ची वाट पाहिली. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि मांडीवरची पिशवी जवळ ओढून त्याला जास्तीची जागा करून दिली.

मी आत चढलो आणि त्याला उठवलं. चांगलं सुनावलं. सरकारी नोकर आहे तेही सांगितलं. तो कुरकुरत मागं गेला.

"कशाला रे, बीए," अक्का म्हणाली. "बसला हुता बिचारा." आणि पिशवीतनं दोन केळी काढून तिनं मागं त्याच्या हातात दिली.

गाडी सुटली. मी स्टँडवर उभा राहिलो, त्या माणसावर चरफडत.