व्हय म्हाराजा, पण नाव न घेता

भांडुपच्या रामेश्वर छाया सोसायटीत देवाशी थेट बोलायचा मान एकाच माणसाचा, तो म्हणजे दादूकाका घाडींचा. माघातली सत्यनारायणाची पूजा भटजी सांगत, शिरा दादूकाकांची बायको रुक्मिणी करी, आरतीला सगळेच बेंबीच्या देठापासून ओरडत. पण हातात नारळ घेऊन सोसायटीतल्या यच्चयावत माणसांची सुखदुःखं देवाच्या कानावर घालायची, हे गाऱ्हाण्याचं काम मात्र दादूकाकांचं. त्यांच्या बापाने ते गिरणीच्या चाळीत केलं, आज्याने गावच्या देवळात केलं.

गाऱ्हाण्याच्या बाबतीत दादूकाकांचा एक दंडक होता. देवाला मोघम काही सांगायचं नाही.

"भांडुपात परब किती आसत!" ते म्हणत. "मोघम सांगितला तर देव आशीर्वाद घेऊन भलत्याच्याच दारात उभो रवतलो."

म्हणून ते नाव सांगत, माळा सांगत, दुखणं कुठल्या अवयवाचं आणि डाव्या अंगाचं की उजव्या, तेही सांगत. "तिसऱ्या माळ्यावरच्या अनुपमा परबीणीची मूळव्याध बरी होऊंदे रे म्हाराजा!" की खालून सगळी सोसायटी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" अनुपमाबाई पदर तोंडाला लावत, पण मनातून सुखावत. अख्ख्या सोसायटीने शिफारस केलेली मूळव्याध कोणाच्या नशिबी असते?

यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं, कारण सोसायटी होण्याआधी इथे चाळ होती आणि चाळीत गुपित नावाची वस्तूच नव्हती. भिंती इतक्या पातळ की एका घरात उचकी लागली तर पलीकडून पाणी यायचं. गाऱ्हाण्यातून नवीन काही कळायचं ते फक्त देवाला.

मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आणि गेल्या वर्षी पूजेसमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर एक मोबाइल उभा राहिला. गावच्या मंडळींना घरबसल्या पूजा दिसावी म्हणून थेट प्रक्षेपण. दादूकाकांनी नवा सदरा घातला आणि घसा खाकरून दणदणीत सुरुवात केली.

"सहाव्या माळ्यावरच्या आमच्या सुशांत राण्याक त्या घाटकोपरच्या कंजूष मालकाच्या तावडीतून सोडव, आणि मुलुंडच्या नव्या कंपनीत चिकटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मालक भाविक माणूस. म्हणून सुशांतने स्वतःच पूजेची लिंक ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती, 'आमच्या सोसायटीची पूजा, दर्शनाचा लाभ घ्यावा.' मालकाने हात जोडून लाभ घेतला. देवाने अर्धं गाऱ्हाणं तर ताबडतोब मंजूर केलं. सोमवारीच सुशांत घाटकोपरच्या तावडीतून सुटला. मुलुंडचं तेवढं राहून गेलं.

तेव्हापासून सुशांत दादूकाकांशी बोलेनासा झाला. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून त्याने दहीहंडी बघितली, ते लिफ्टमध्ये दिसले की हा सहा माळे जिन्याने चढायचा. दादूकाकांना ते फार लागलं. 'जाऊ दे, पोराचा व्यायाम होता,' असं ते रुक्मिणीला सांगत, पण त्या दिवशी जेवणात त्यांचं लक्ष नसे.

यंदा चेअरमन चंद्रप्रकाश सामंतांनी आधीच जाहीर केलं. "दादूकाका, प्रक्षेपण होणार म्हणजे होणार. गावच्या लोकांना सवय लागलीय. तुम्ही गाऱ्हाणं घाला, पण यंदा लोचा झाला तर पुढच्या वर्षीपासून मोबाइलवरचं तयार गाऱ्हाणं लावू. झकास मिळतात. मागे ढोल पण असतो."

तयार गाऱ्हाणं! दादूकाकांना वाटलं, जिवंतपणी आपल्या फोटोला कोणी हार घातला.

चेअरमननी त्यांना समजवायला ऋतिकाला पाठवलं. ही सुशांतची धाकटी बहीण. अंधेरीच्या एका कंपनीत, लोकांची खाजगी माहिती कायद्याप्रमाणे सांभाळली जाते की नाही, हे बघायची नोकरी करायची. ती आली तेव्हा दादूकाकांकडे नेमका बेनेडिक्टही बसला होता. बेनेडिक्ट परेरा पलीकडच्या गावठाणातला, दादूकाकांचा जुना दोस्त. रविवारी तो न चुकता चर्चला जाई, पण पूजेला 'व्हय म्हाराजा'चा सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

"काका, नवा कायदा आलाय," ऋतिका म्हणाली. "तुम्ही तोंडाने नुसतं बोललात तर तो काही म्हणत नाही. पण माणसाची माहिती नेटवर टाकायची तर आधी त्याची परवानगी हवी. कशासाठी हवी ते सांगायचं, कामापुरतीच घ्यायची, काम झालं की पुसून टाकायची."

"देवाक सांगूक परवानगी?"

"देवाला नाही हो! मोबाइलवर बघणाऱ्यांना. अहो, देवाला कुठे दादाचा बॉस फॉलो करतो?"

दादूकाका म्हणाले, "गो बाय, मुलुंडच्या हॉस्पिटलात मी जन्मभर लिफ्ट चालवली. कोणाचा काय फुटला, कोणाक काय झाला, सगळा कानावर पडायचा. कधी कोणाक सांगितलंय?"

"मग गाऱ्हाण्यात का सांगता?"

"गाऱ्हाण्यातपण मी लिफ्टमनच. खालचा घेतंय, वर न्हेतंय."

"पण काका, तुमची लिफ्ट प्रत्येक माळ्यावर थांबते आणि दार उघडं राहतं!"

बेनेडिक्ट खो खो हसला. "दादू, आमच्यात बघ. पाप केलं की फादरच्या कानात सांगायचं. फादर मेला तरी तोंड उघडत नाही. बायकोला पण नाही सांगत."

"फादराक बायको खंय आसता?"

"म्हणून तर गप्प राहायला जमतं ना!"

शेवटी ठरलं. गाऱ्हाणं घालायचं, पण नाव घ्यायचं नाही. दादूकाका आठवडाभर आरशासमोर उभे राहून नावं गिळायचा सराव करत होते.

पूजेच्या दिवशी मांडव गच्च भरला. सुशांत अगदी मागे खांबाला टेकून उभा होता. मोबाइल तिकाटण्यावर चढला. दादूकाकांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! तिसऱ्या माळ्यावरच्या एका माउलीक बसताना जो त्रास होता, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणता म्हणता सगळ्या माना अनुपमाबाईंकडे वळल्या. "मी एकटीच राहते का तिसऱ्या माळ्यावर?" त्या कडाडल्या. त्याबरोबर माना तिसऱ्या माळ्यावरच्या बाकीच्या बायकांकडे वळल्या, आणि ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यासुद्धा संशयाने अवघडून बसल्या.

दादूकाकांनी घाईघाईने पुढचं गाऱ्हाणं घेतलं. "आमच्या एका... कुत्रो पाळलेल्या भल्या माणसाचा लगीन जमव रे म्हाराजा!"

सोसायटीत कुत्रा एकच होता. तोही ओळख पटवायला भुंकला.

मांडवात हशा पिकला. "आता सहाव्या माळ्याचं येऊ दे!" कोणीतरी ओरडलं. सुशांत खांबाआड सरकला. चंद्रप्रकाशनी कपाळाला हात लावला, खिशातून मोबाइल काढला आणि दोन माणसांना ऐकू जाईल असा तयार गाऱ्हाण्याचा ढोल तपासून पाहिला. दादूकाकांच्या काळजावरच तो ढोल वाजला. नाव घेतलं तर कायदा आडवा, नाही घेतलं तर अख्खा मांडव गुप्तहेर! त्यांनी घामाघूम होऊन समोर बघितलं, तर बेनेडिक्ट पहिल्या रांगेतून आपल्या कानाला बोट लावून खुणावत होता.

दादूकाकांनी माईक बंद केला.

"त्या मोबाइलाचा तोंड देवाकडे करा," ते म्हणाले. "लोकांका देव दिसांदे, माणसा नकोत. आणि जेका देवाक काय सांगूचा आसा, तेना हय येवन माझ्या कानात सांगायचा. बाकीच्यांनी शिरो खावचो."

सगळ्यांत आधी अनुपमाबाई उठल्या. त्यांच्या मागून कुत्रेवाला. आणि मग अशी रांग लागली की शिऱ्याकडे कोणी फिरकेना. चाळीत सगळं सांगून मोकळी झालेली ही माणसं टॉवरमध्ये आल्यापासून कधीची दारं लावून बसली होती. लोक कानात बोलत होते, डोळे पुसत होते. चंद्रप्रकाश सगळ्यांत जास्त वेळ बोलले, आणि बोलून होताच ढोलाचा मोबाइल बंद करून खिशात ठेवला. रुक्मिणी पदराला हात पुसत आली, नवऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. दादूकाका एकदम दचकले.

शेवटी सुशांत आला. वर्षभराने इतक्या जवळ. तो थोडंसंच बोलला. दादूकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नारळ पुन्हा उचलला आणि माईकशिवाय गर्जले,

"बा देवा म्हाराजा! माझ्या कानात जा काय पडला, ता तुझ्या कानात जाऊंदे! मधी खंयच्याच माळ्यावर ही लिफ्ट थांबाक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बेनेडिक्टच्या आवाजाने मांडवाची झालर हलली.

दुसऱ्या दिवशी दादूकाका लिफ्टची वाट बघत उभे होते. सुशांत आला. जिन्याकडे वळला नाही. दोघं आत शिरले, दार लागलं.

"काका," चौथ्या माळ्याच्या आसपास सुशांत हळूच म्हणाला, "माझं ते पोचवलंत ना?"

"कसला रे?"

"अहो काका, काल कानात सांगितलं ते!"

दादूकाका निर्विकारपणे माळ्यांचे आकडे बघत राहिले. "काल माझ्या कानात कोण काय बोललो, माका कायच आठवणा नाय. तुझी बहीण म्हणता, काम झाला की पुसून टाकूचा."

सुशांत त्यांच्याकडे बघतच राहिला. हे खरोखर विसरलेत की नाही, याचा पत्ता लागेना. मग त्याला हसू फुटलं, इतकं की सहावा माळा आला तरी तो उतरला नाही, काकांबरोबर वर आठव्यापर्यंत गेला आणि हक्काने चहा प्यायला त्यांच्या दारात उभा राहिला.

दार रुक्मिणीने उघडलं. "काय ओ," तिने आल्या आल्या नवऱ्याला विचारलं, "तुमच्या घोरण्याचा देवाक सांगितलात?"

"कसला घोरणा?" दादूकाका म्हणाले.