इन्शुअर्ड आहे गं!

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात नखं रंगवायला परवाना लागतो, केस कापायला लागतो. पण कमरेला करवत लटकवून उंच ओकच्या झाडावर चढायचं असेल तर सरकार काही म्हणजे काही विचारत नाही. ट्रकवर फोन नंबर रंगवला की झाला माणूस झाडांचा डॉक्टर! हे मी बोलायला लागले की लोकांना वाटतं, ही आपल्या धंद्याची जाहिरात करतेय.

वाटू दे. डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढलेली वर्षं संपली, कामाची परवानगी मिळाली आणि मी झाडांची कामं करणाऱ्या एका कंपनीत फांद्या ओढायला लागले. मग दोरावर चढायला शिकले, मग सर्टिफिकेटची परीक्षा दिली. त्या परीक्षेला बसायलाच तीन वर्षं काम केल्याचा दाखला लागतो, आणि पास झाल्यावरही अधूनमधून नवं काही शिकल्याचं दाखवावं लागतं. वर जखमी होऊन लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, याचा सराव आम्ही एकमेकांवर करतो. यातलं काहीच सक्तीचं नाही, हे विशेष. इथल्या मराठी मंडळातल्या काकू मला अजूनही विचारतात, "मग जॉब कधी बघणार?"

त्याच मंडळातले एक काका, रिटायर्ड हार्ट सर्जन. त्यांच्या स्टडीची एक भिंत सर्टिफिकेटांनी भरलेली आहे. नातीच्या पियानो टीचरची त्यांनी अर्धा तास उलटतपासणी घेतली होती. त्यांच्या मागच्या अंगणातला ओक घराकडे झुकला म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी बुंध्यावर लाकडी हातोडा मारला तर आतून पोकळ आवाज आला.

"काका, हे आतून गेलंय. यावर कुणी चढायचं नाही. ट्रकवरची लिफ्ट आणून तिच्या पाळण्यातून वरून कापत यावं लागेल."

लिफ्ट तीन आठवड्यांनी मिळणार होती आणि नातीचा वाढदिवस त्याआधी होता, त्याच अंगणात. चारच दिवसांनी काकांचा फोन आला. "तुझं टेन्शन संपलं. माणूस मिळाला, आत्ता झाडावरच आहे. येऊन बघ."

मी हातातलं काम टाकून गेले. चाळीसेक फुटांवर एक माणूस, डोक्यावर हेल्मेट नाही, एका हातात चालू करवत. कमरेचा दोर त्याने त्याच पोकळ खोडाभोवती बांधलेला. त्याची बायको बरोब्बर त्याच्या खाली वाकून फांद्या गोळा करत होती. वर काही झालं असतं तर चढून त्याला उतरवणारं तिथे कुणी नव्हतं.

"काका, त्याला आधी खाली बोलवा. खोड मोडलं तर मरेल तो!"

"अगं, इन्शुअर्ड आहे गं! मी पेपर मागून घेतलाय. मी काय असा तसा माणूस ठेवीन?" त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

मी वाचलं. विमा गवत कापण्याचा होता. झाडावरचं काम यात धरलेलं नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. त्याला स्वतःला काही झालं तर भरपाई मिळेल, अशी तर कुठे नोंदच नव्हती. एका पानाचा कागद! जन्मभर पेशंटचे रिपोर्ट वाचलेल्या माणसाने तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

"तो रोज करतो गं हे. तुम्ही सर्टिफिकेटवाले ना, उगाच बाऊ करता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्टिफिकेटवाले! कुणी म्हणावं! भिंतीवरच्या त्या चौकटींशिवाय यांच्या हातात कुणी चाकू तरी दिला असता का?

पण भांडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "तो पडला तर केस तुमच्यावर होईल. तुमच्या होम इन्शुरन्सने हात वर केले तर हे घर जाईल."

काका घरातल्या चपलांनीच धावत सुटले. "स्टॉप! कम डाउन! राइट नाऊ!"

तो खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत बायको दाताळं छातीशी धरून उभी होती. मी बुंध्यावर हातोडा मारून त्याला आवाज ऐकवला. त्याने खोडावर तळवा ठेवला. मग म्हणाला, हे मला कुणी कधी दाखवलंच नाही. त्याच्यावर चिडायचं मी ठरवून आले होते, ते काही जमलं नाही. परीक्षा कुठे देतात हे त्याने विचारलं, मी लिहून दिलं.

यंदा मंडळाच्या गणपतीत काकांनी माइकवरून मला स्टेजवर बोलावलं. "हिने आमचं घर वाचवलं!" हॉलभर टाळ्या वाजल्या. काकूंनी हातात नारळ दिला आणि मी चक्क वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी दोराला घर बांधलेलं नव्हतं. माणूस बांधलेला होता. तो मरेल म्हटलं तेव्हा काका जागचे हलले नव्हते, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. माइक हाताच्या अंतरावर होता. मी नारळ घेऊन खाली उतरले.